छायाच्या निबंधाचा प्रकार

“सर, फक्त एक ओळ लिहून द्या. ‘सदर निबंध कल्पनात्मक स्वरूपाचा आहे.’ खाली सही. झालं.”

हेडसरांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर पेन ठेवलं. टोपण आधीच काढलेलं होतं.

“पण तो वैचारिक निबंध आहे,” मी म्हणालो.

“ते ठरवणार कोण? मराठीचे शिक्षक तुम्ही. तुम्ही म्हणाल तो प्रकार. संस्थेच्या भाऊंनी सकाळपासून दोनदा निरोप धाडलाय.”

शाळेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. निबंधाचे प्रकार असतात. ‘मला पंख फुटले तर’ हा कल्पनात्मक. ‘फाटक्या छत्रीचे मनोगत’ हे आत्मवृत्त. वैचारिक किंवा माहितीपर निबंध म्हणजे एखादी गोष्ट काय आहे, कशी चालते, का चालते, हे अनोळखी माणसालाही कळेल अशा क्रमाने मांडणं. त्यात मनचं काही घालायचं नसतं. तीस वर्षं मी हे प्रकार फळ्यावर लिहीत आलो. पण एका प्रकारातला निबंध उचलून दुसऱ्यात बसवा म्हणून केबिनमध्ये बोलावणं आलं ते त्या एकाच वेळी.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. भोकरदन तालुक्यातलं गाव, संस्थेची शाळा. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारची गावं म्हणतील, आमचं का नाही घेतलं.

आमच्याकडे निबंध वाचत नसत, बघत. अक्षर बघायचं, समास बघायचा, सुरुवातीला सुविचार आहे का ते बघायचं. शेवटच्या ओळीत ‘तरच भारत महासत्ता बनेल’ असलं की बरोबरची खूण. मुलंही शहाणी होती. गाईडातले निबंध पाठ करायची. गाईडात ज्या गावाचं वर्णन असायचं त्याला एक खळखळणारी नदी असायची. आमच्या पोरांनी तेही उतरवलं होतं. आमच्या गावाला दिवाळीनंतर हापशावर रांग लागायची.

मी वेगळं शिकवायचो. त्यात थोर काही नव्हतं. आधी विषयावर सुचेल ते तुकड्यातुकड्यांनी लिहून काढायचं, वाक्यं करायची नाहीत. हे मुद्दे. मग त्यातलं डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं आणि ऐकीव कोणतं ते वेगळं करायचं. मग क्रम लावायचा. आधी काय कळलं म्हणजे पुढचं कळेल, एवढंच स्वतःला विचारायचं. मग खाडाखोडीला न भिता कच्चा निबंध लिहायचा. आणि तो घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्यानं ‘मंग?’ विचारलं तर ठीक चाललंय. ‘म्हंजे?’ विचारलं तर तिथं पेन्सिलीनं फुली मारायची. फुलीची जागा पुन्हा लिहायची. सगळ्या फुल्या खोडल्या गेल्या की मगच पक्क्या वहीत उतरवायचं.

हेडसरांना ही पद्धत बिलकुल पसंत नव्हती. कच्च्या वह्या बघून म्हणायचे, “ही वही आहे का नांगरलेलं वावर?” तपासणीला कोणी आलं की माझ्या वर्गाच्या कच्च्या वह्या कपाटात जायच्या आणि पक्क्या टेबलावर यायच्या.

त्या वर्षी दहावीला मी विषय दिला, ‘आमच्या गावातील एक सामूहिक काम’. बहुतेकांनी श्रमदान लिहिलं. आमच्या गावात श्रमदान झाल्याचं कुणाच्याही स्मरणात नव्हतं, पण गाईडात ते दर रविवारी व्हायचं. एक छाया तेवढी वेगळं लिहून आली.

छाया धनगराच्या घरातली. वडील किसनबापू यांची थोडी मेंढरं आणि थोडा कोरडवाहू कापूस. दहावीपर्यंत आलेली ती घरातली पहिली. त्यांचं घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. त्या घराच्या दारातून शाळेच्या खिडक्या दिसायच्या, आणि मार्च महिन्यात त्या खिडक्यांवर जे चालायचं तेही दिसायचं. तिच्या निबंधाचं नाव होतं ‘आमच्या गावातील दहावीची परीक्षा: एक सामूहिक काम’.

मी कच्ची वही तिथल्या तिथे मिटली. “हे कुणी लिहायला सांगितलं तुला?”

“तुमीच सर. डोळ्यानं पाह्यलेलंच लिवा म्हणलात. सगळ्या गावानं मिळून करायचं काम म्हणलं तर हे एकच व्हतंय. बाकी लग्नात भी भांडणं व्हतेत.”

तिच्या चेहऱ्यावर खोडी काढल्याचा मागमूस नव्हता. उलट तिनेच मला विचारलं, “सर, दुसऱ्या गावी कसं करतेत? कारबन वापरतेत का हातानं लिवतेत?”

तिला ही चोरी वाटतच नव्हती. पंगतीला जसे वाढपी लागतात, पाणक्या लागतो, तशी परीक्षेला ही माणसं लागतात, असं ती लहानपणापासून बघत आली होती. कुणी लपवलं असतं तर तिला संशय तरी आला असता.

आमची शाळा बोर्डाचं केंद्र होती. म्हणजे परीक्षा आमच्याच इमारतीत व्हायची. केंद्राचा लौकिक दूरवर पसरला होता. लांबलांबची मुलं आमच्याकडे नाव घालायची आणि थेट मार्चमध्ये तोंड दाखवायची. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, त्यांची शाळा या लौकिकावर उभी होती. हे सगळ्यांना माहीत होतं. कागदावर क्रमवार लिहून काढलं होतं ते एकट्या छायानं.

मी ठरवलं, निबंध म्हणून आला आहे तर निबंध म्हणूनच बघायचा. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका पोरीनं मी सांगितलं तसं अगदी तसंच केलं होतं.

सुरुवात ‘मनुष्य हा समाजशील प्राणी आहे’ अशी होती.

“हे कुठून आलं?”

“गाईडातून.”

“काढ. तुझा विषय पहिल्या ओळीत येऊ दे.”

पहिला मुद्दा तिनं पर्यवेक्षकांच्या मटणाच्या जेवणाचा घेतला होता, कारण ते तिच्या दारासमोर शिजायचं. मी म्हटलं, अनोळखी माणसाला आधी पेपर बाहेर कसा येतो ते कळायला हवं. तिनं क्रम बदलला. आधी खिडकीतून बाहेर येणारी प्रश्नपत्रिका. मग किराणा दुकानामागच्या खोलीत गाईडं फाडून उत्तरं शोधणारी शिकलेली मंडळी. मग कार्बन पेपर घालून एकदम बऱ्याच प्रती काढणं. मग त्या घेऊन भिंतीवर चढणारे मुलांचे काका, मामा, थोरले भाऊ. मग देवळाच्या शिखराजवळ बसलेला माणूस, जो भोकरदनच्या रस्त्यावर जीपची धूळ दिसली की उपरणं हलवतो. ती जीप भरारी पथकाची, म्हणजे कॉपी पकडायला अचानक येणाऱ्या अधिकाऱ्यांची. जेवण सगळ्यात शेवटी.

एका ठिकाणी तिनं लिहिलं होतं, ‘सर्व ग्रामस्थ आनंदाने झटतात.’

“आनंदानं हे तू पाहिलंस?”

ती विचारात पडली. “न्हाई सर. घाईत असतेत.” आनंद खोडला गेला.

निबंध तिनं किसनबापूंना वाचून दाखवला. ते मेंढरांची लोकर कातरत होते. कार्बनच्या जागी त्यांनी ‘म्हंजे?’ विचारलं. मग तिनं कार्बन म्हणजे काय ते एका वाक्यात घातलं. पुढे मात्र ‘मंग?’ ‘मंग?’ असं सरळ शेवटापर्यंत गेलं. शेवट तिचा तिनंच केला होता. ‘अशा प्रकारे परीक्षेची सर्व तयारी पूर्ण होते. या तयारीत विद्यार्थ्याला काहीच करावे लागत नाही.’ त्या शेवटाला मी हात लावला नाही.

पक्क्या वहीत तिनं तो मोत्यासारख्या अक्षरात उतरवला. मी दहापैकी नऊ दिले आणि सांगितलं, “हा तुझ्यापाशीच ठेव.” वही मात्र नेहमीप्रमाणे वर्गाच्या कपाटात राहिली, कारण पक्क्या वह्या तपासणीसाठी तिथंच ठेवायचा हेडसरांचा नियम होता.

नंतर मला मतदार याद्यांच्या कामावर धाडलं. शिक्षक हा सरकारी कामाचा हक्काचा माणूस. मी वाड्यावस्त्यांवर नावं तपासत फिरत होतो, तेवढ्यात जालन्याच्या एका मंडळाचं पत्रक शाळेत आलं. जिल्हास्तरीय वैचारिक निबंध स्पर्धा. विषय, ‘गावातील सामूहिक कार्य’. हेडसरांनी कपाट उघडलं आणि सगळ्यात सुंदर अक्षराची वही उचलली. नावात परीक्षा आणि सामूहिक काम, दोन्ही चांगले शब्द. पानभर कुठं खाडाखोड नाही. सोबत दाखला जोडायचा होता. ‘सदर निबंध मी स्वतः वाचला असून त्यातील माहिती सत्य आहे.’ हेडसरांनी सही केली, शिक्का मारला आणि वही धाडून दिली.

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी तो वाचला होता की नुसता बघितला होता, हे मला आजही माहीत नाही.

बातमी मला फेब्रुवारीत शाळेत परतल्यावर कळली. हेडसरांनी तोवर फळ्यावर अभिनंदन लिहून ठेवलं होतं. मी म्हणालो, “सर, तो निबंध एकदा वाचून घ्या.”

“वाचलाय की. सही आहे माझी.”

“तरी पण वाचा.”

“आता काय वाचायचं? बक्षीस लागलं!”

भाऊंच्या जीपमधून आम्ही जालन्याला गेलो. पुढे भाऊ आणि हेडसर, मागे मी, छाया आणि नवा फेटा बांधलेले किसनबापू. वाटेत मी हेडसरांच्या कानावर पुन्हा घालू पाहिलं. ते भाऊंना पुढच्या वर्षीच्या तुकडीवाढीचं सांगण्यात गुंग होते.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या मागे एक सभागृह होतं, तिथं समारंभ. पाहुणे म्हणून शिक्षण खात्याचे एक साहेब आलेले. सूत्रसंचालकानं जाहीर केलं, “आता प्रथम क्रमांकाची विद्यार्थिनी आपला निबंध वाचून दाखवेल.” हे पत्रकात नव्हतं.

छायानं माझ्याकडे बघितलं. मी मानेनं नको म्हणालो. पण भाऊंनीच तिला पाठीवर थाप मारून वर धाडलं. “जा बेटा, नाव काढ गावाचं.”

तिनं छान वाचलं. घाई केली नाही. प्रश्नपत्रिका खिडकीतून आली तेव्हा मागच्या रांगेत लोक हसले. उत्तरांची खोली येईपर्यंत हसणं थांबलं. कार्बनचा अर्थ सांगणारं वाक्य तिनं साहेबांकडे बघून वाचलं, त्यांना कळावं म्हणून. भाऊ हेडसरांकडे बघत होते. हेडसर छताकडे बघत होते. देवळावरचा माणूस, उपरणं, मटण, आणि मग शेवट. टाळ्या एकट्या किसनबापूंनी वाजवल्या. वर मोठ्यानं म्हणाले, “एकदम बराबर सांगितलं!”

साहेबांची पंचाईत झाली. ऐकलं नाही असं म्हणायला जागा नव्हती, सभागृह भरलेलं होतं. त्यांनी ढाल तिच्या हातात दिली, भाऊंना बाजूला घेतलं आणि म्हणाले, “आठ दिवसांत खुलासा पाठवा. नाहीतर केंद्राचं मला वर कळवावं लागेल.” खुलासा म्हणजे झालं ते का झालं याचं लेखी उत्तर. सरकारी कामात खुलासा आला की प्रकरण निम्मं मिटतं. त्यात काय लिहिलंय हा पुढचा प्रश्न.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये छाया हळूच म्हणाली, “सर, माझं कुठं चुकलं का?”

“नाही,” मी म्हणालो. भाऊंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. तोच कोरा कागद आणि टोपण काढलेलं पेन.

“हेडसर, माहिती सत्य आहे असा तुमचा दाखला आहे त्याला. वाचला म्हणून सही आहे.”

“सहीचा आणि वाचण्याचा काय संबंध, सर? इतकी वर्षं नोकरी करून राह्यले तुम्ही.”

मी पेनाला टोपण लावलं आणि तासाला निघून गेलो. पुढच्या वर्षी मला दहावीचं मराठी मिळालं नाही. पाचवीची चित्रकला मिळाली. पण ते पुढचं.

मी सही केली नाही, तेव्हा त्यांनी सोपी वाट धरली. हॉल तिकिटं आली. सगळ्यांना वाटली. छायाचं दिलं नाही.

मी हेडसरांकडे गेलो. आवाज चढला माझा, वर्गापर्यंत गेला असेल. “हॉल तिकीट अडवायचा अधिकार नाही तुम्हाला!”

“अडवलं कुठं? सापडून न्हाई राह्यलं. तिचा खुलासा आला की सापडेल.”

“मी बोर्डाला कळवतो.”

“जरूर कळवा. तुमचं पत्र जाईल, त्यांचं उत्तर येईल. तवर परीक्षा थांबल का?”

हे त्यांचं म्हणणं खरं होतं. याचाच मला जास्त संताप आला. मी पत्र धाडलं. त्याचं उत्तर परीक्षा झाल्यावर, उन्हाळ्यात आलं. माहिती घेऊन कळवतो, असं होतं.

संध्याकाळी किसनबापू माझ्या खोलीवर आले. बसा म्हटलं तरी दारातच उभे राहिले.

“सर, तुमी वाईट शिकवलं असं म्या न्हाई म्हणत. पोरगी खरंच बोलली. पण तिचं साल जाऊन राह्यलं. साल गेलं तर मंग म्या न्हाई धाडणार पुढं. पुतण्या थकला मेंढरामागं. घरात दुसरं माणूस न्हाई. तिचं तिकीट तेवढं पायजे मला.”

“बापू, त्यांनी तिच्याकडून खोटं लिहून घ्यायचं ठरवलंय.”

“लिवू द्या. गाव तेच करून राह्यलं की दरसाली.”

मला त्यांचाही राग आला. मग वाटलं, या माणसावर रागावून मी काय मिळवणार? भरल्या सभेत तिच्यासाठी टाळ्या वाजवणारा हा एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत छाया आली. हातात कच्ची वही. मला वाटलं रडेल. रडली नाही.

“हेडसर म्हणले खुलासा लिव. म्या मुद्दे काढलेत सर. क्रम बराबर हाय का तेवढं पाहता का?”

मी वही घेतली. मुद्दे तुकड्यातुकड्यांनी मांडले होते, मी शिकवलं होतं तसेच. विषयाला कल्पनाशक्ती लागेल असा माझा समज झाला. घर शाळेजवळ म्हणून परीक्षा निवडली. खिडकी कशी सुचली. कार्बन कसा सुचला, तर दुकानात पावत्या करताना पाहिला होता. देवळावरचा माणूस कसा सुचला, तर पाखरं हाकलणाऱ्या राखणदारावरून. प्रत्यक्षात आमच्या शाळेत परीक्षा शांततेत होते. क्षमस्व.

“कच्चा लिहून झाला?” मी विचारलं.

“हो. बापूंना वाचून भी दाखवला.”

“मग?”

“कुठंच ‘म्हंजे?’ न्हाई विचारलं त्यांनी. झाल्यावर उठून मेंढराकडं गेले.”

मी तो वाचला. सुरुवातीला विषय होता. एका मुद्द्यातून दुसरा निघत होता. कुठं जादा शब्द नव्हता, कुठं शंका घ्यायला जागा नव्हती. माहीत नसलेल्या माणसाला शंभर टक्के पटला असता. माझ्या नोकरीत कुठल्याही विद्यार्थ्यानं लिहिलेला तो सर्वांत नीटनेटका निबंध होता. त्यात एक अक्षर खरं नव्हतं. मी वही परत दिली आणि म्हणालो, “क्रम बरोबर आहे.”

तो खुलासा हेडसरांनी वाचला. पूर्ण वाचला, माझ्यासमोर, दोनदा. मग मान वर करून म्हणाले, “बघा सर, लिहिता येतं पोरीला. तुम्हीच उगाच वाकड्या रस्त्यानं नेलं होतं.” टेबलाच्या खणातून हॉल तिकीट सापडलं.

साहेबांनी खुलासा मान्य केला. केंद्र राहिलं. स्पर्धेच्या मंडळाचं मात्र पत्र आलं. स्पर्धा वैचारिक निबंधांची होती, सदर निबंध कल्पनात्मक असल्याचं लेखिकेनं स्वतः कळवलं आहे, सबब बक्षीस रद्द. ढाल परत पाठवावी. नियमाला धरूनच होतं. ढाल शाळेच्या शिपायानं तिच्या घरून नेली.

परीक्षा झाली. दरसाल होते तशीच झाली, अगदी तिनं लावलेल्या क्रमाने.

मराठीच्या पेपरनंतर छाया मला हापशावर भेटली. पेपरात निबंधाला तीन विषय होते. त्यातला एक होता, ‘माझ्या गावातील एक समस्या’. तो वाचून मला तिचीच आठवण झाली होती.

“कोणता लिहिलास?”

“मनोगत, सर. पडक्या विहिरीचं. गाईडात हाय तसंच.”

“अगं, समस्येचा होता ना? तो तर तुझ्या हातचा.”

तिनं कळशी हापशाखाली सरकवली. “विहिरीला खुलासा न्हाई मागत कुणी.”

निकाल लागला. मराठीत ती केंद्रात पहिली. भाऊंनी तिचा सत्कार केला. तिचं नाव शाळेच्या व्हरांड्यात रंगवलं, आणि किसनबापूंनी तिला अकरावीला भोकरदनला घातलं. पुढे ती कुठं काय करते ते मला ठाऊक नाही. निबंध लिहीत नसेल एवढं खात्रीनं सांगतो.

मी निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिलो. मुद्दे काढा, क्रम लावा, कच्चा लिहा, कुणाला तरी वाचून दाखवा, पुन्हा लिहा. पद्धत पक्की आहे, मी तिची हमी देतो. त्या पद्धतीनं खरं जितकं नीट लिहिता येतं तितकंच खोटंही लिहिता येतं. आणि आमच्याकडे निबंध पूर्ण वाचला गेला तो खोटाच.